चार खोल्यांतलं गाणं

वर्कशॉपच्या माडीवरून,
ता. ९ फेब्रुवारी

चि. भोंगाबाईस दादाचे अनेक आशीर्वाद. प्रभूची शांती तुझ्या घरात असो, आणि सध्या जरा जास्त तुझ्या गळ्यात असो.

पत्रास कारण, आपला बँड. हा बँड मी फुकटात उभा केला असं भेटेल त्याला सांगत सुटलोय. तुला मात्र खरा हिशेब सांगतो. फोन घरचाच, त्यातलं रेकॉर्डिंगचं ॲप फुकट. पण आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटाला आतून तुझ्या वहिनीच्या माहेरच्या दोन रजया खिळ्यांनी ठोकल्या. फ्रिजची घरघर पेटीत मिसळते म्हणून तो बंद केला आणि चालू करायचं साफ विसरलो. दूध, भाजी, तिने जपून साठवलेली साय, सगळं गेलं. मी पेटी घेऊन कपाटात बसलो, दार लावून घेतलं, आणि नेमकी ती इस्त्रीचे कपडे ठेवायला आली. तिची किंकाळी रेकॉर्डिंगमध्ये फार सुरेख आलीय. तर एकूण खर्च: दोन रजया, एक फ्रिजभर सामान, आणि संसारातला अबोला. फुकटच म्हणायचं.

तुला डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय, म्हणून फोन नाही. बोटांनी टायपायचा तुला कंटाळा, म्हणून कागद. लहानपणी तुला गप्प करायला मी काय काय उपाय केले! तुझं नाव भोंगा पडलं ते उगाच नाही. शेवटी एका सर्जनने गळ्यातली गाठ काढता काढता ते काम केलं. पण भोंगाबाई, खरं सांगतो, ही शांतता मला मानवत नाही.

म्हणून हा घाट. मी पेटी वाजवणार. आपला धाकटा भाऊ जहाजावरच्या मोटारी आणि दिवे सांभाळून उरलेल्या वेळात त्याच्या केबिनमध्ये गिटार वाजवणार. माझी सूनबाई तिच्या शहरात बसून खंजिरी वाजवणार आणि चौघांचे तुकडे शिवणार. शाळांचे बोलके धडे कापून-जोडून तयार करणं हे तर तिचं रोजचंच काम. आणि गाणार तू. गाणं तुझंच, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळातल्या कागदी रुमालावर लिहिलेलं आणि मला चालीसकट ऐकवलेलं:

तुझ्या दारी ठेवला मी श्वास माझा, प्रभुराया,
परत देशील तेवढा पुरे, तेवढा पुरे गाया.

बँडचं नाव ठरत नाही. मी ‘स्वर्गाची तुतारी’ सुचवलं. अबोला मोडून वहिनी म्हणाली, तुतारी कपाटात मावेल का ते आधी बघा.

आहे तो लोभ तसाच राहू दे; वाढला तर मी तक्रार करणार नाही.

तुझा,
दादा


घरून,
ता. २१ फेब्रुवारी

ती. दादास, लहान बहिणीचा मनापासून सलाम. वि. वि.

पत्र वाचून इतकं हसू आलं की टाक्यांची जागा दुखली. वहिनीला माझा सलाम सांग, आणि ती किंकाळी जपून ठेवायला सांग. बँडमधला सगळ्यात खरा आवाज तोच असणार.

इकडचं कुशल लिहिते. जखम भरली. कॉलर उंच असली की दिसतही नाही. कामावर रुजू झाले, पण चौकशीच्या खिडकीत नाही. इतकी वर्षं त्या माइकवरून पेशंटची नावं पुकारली. आता मला मागच्या फायलींच्या खोलीत बसवलंय. माझ्या खिडकीत एक नवीन मुलगी आहे. ती नाव पुकारते तेव्हा कुणी उठतच नाही, दोनदा-तीनदा पुकारावं लागतं. मी पुकारलं की फाटकाबाहेर चहा पिणारेसुद्धा पेला टाकून येत. तिची कीव येते, आणि, प्रभू क्षमा करो, थोडं बरंही वाटतं.

घरी यजमान सुखात असतील असं तू लिहिणार, म्हणून आधीच सांगते: नाहीत. त्यांना भांडल्याशिवाय जेवण जात नाही, आणि कुजबुजीत भांडता येत नाही.

आता बँडचं. डॉक्टर म्हणतात, आवाज येईल, पण कोणता येईल ते आल्यावरच कळेल. त्यांच्या तोंडावर हसू होतं, म्हणून मीही हसले. परवा न्हाणीघरात नळ सोडून पहिला सूर लावून पाहिला. दादा, नुसती हवा आली. पंक्चरलेल्या ट्यूबमधून येते तशी. चर्चमध्ये गाणं सुरू झालं की मी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून उभी असते. शेजारची बाई चोरून माझ्याकडे बघते आणि तिचाही आवाज बारीक होतो. दर रविवारी मी तिचं गाणं बिघडवते.

तेव्हा शब्द माझे घ्या, चाल घ्या, मला वगळा.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी,
भोंगा (बंद)


वर्कशॉपच्या माडीवरून,
ता. ६ मार्च

चि. भोंगाबाईस अनेक आशीर्वाद.

वगळण्याचा अर्ज पोचला. नामंजूर.

धाकट्याची गिटार आली. केबिन एवढीशी, म्हणून त्याने गिटार बंकवर आडवं पडून वाजवली म्हणे. आपल्या घरात हा एकटाच असा की ज्याला काम करताना झोपायला जमतं. गिटारीमागे जहाजाचं इंजिन ऐकू येतं, ते असू दे असं मी सूनबाईला सांगितलं, छान घुमतं. पण त्याच्याही खाली एक पंप कुरकुरत होता. बेअरिंग गेलेला पंप मी झोपेत ओळखतो. धाकट्याला निरोप धाडला. त्यांच्या मुख्य इंजिनियरने सांगितलं की तो पंप या बंदराला उघडायचा हे ठरलेलंच आहे, तरी ऐकणाऱ्याला सलाम कळवा. नववीत शाळा सुटली, पण या दोन कानांवर मी वर्कशॉप उभं केलं, मुलगा शिकवला. हे कान कधी फसलेले नाहीत.

सूनबाईने सगळ्यांना एक टकटक पाठवलीय. ती कानात घालायची आणि तिच्या ठेक्यावर वाजवायचं, म्हणजे मागून सगळं जुळतं. मला ते जमेना. मी पुढे, टकटक मागे. सूनबाईने अदबीने कळवलं की बाबा, यंत्र चुकत नसतं. मी म्हटलं, बाळा, यंत्रं चुकत नसती तर आपण जेवलो असतो का? शेवटी तीच हरली. आता टकटक काढून ती माझ्या पेटीच्या मागून गिटार सरकवते.

पण एक सांगायचंय. काल तिने पेटी आणि गिटार एकत्र करून पाठवली. मी ऑइलचे हात पुसून ऐकायला बसलो. एक भाऊ कपाटात, एक समुद्रावर. तो आला की मी कामात, मी मोकळा की तो जहाजावर; बरोबर बसून वाजवल्याला किती काळ लोटला ते दोघांनाही आठवत नाही. आणि दुसऱ्या ओळीला मी भात्याला जोर दिला तिथेच त्याने तार जोरात छेडली. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं. त्याला ते ऐकूही गेलेलं नव्हतं. अंगावर काटा आला, भोंगाबाई. मी उगाचच उठून उभा राहिलो, जसं उपासनेत राहतो.

पेटी तुझ्या नेहमीच्या पट्टीत धरलीय, काळी चार. चर्चच्या छताला जाऊन लागायचा तुझा आवाज, तीच पट्टी. तिथे तू येशील. मी वाट बघतोय.

जीव लावून असतेस, तो लावून ठेव.

तुझा,
दादा


घरून,
ता. २ एप्रिल

ती. दादास सलाम, वि. वि.

बोलायची परवानगी मिळाली. रोज थोडं गायचीही. तुझं मन मोडू नये म्हणून तुझी पेटी कानात घालून प्रयत्न केले आणि सगळे सूनबाईकडे धाडले. तिने ते तुला पाठवू नयेत असं मी बजावलंय. तिने ऐकलं असेल तर तुला अजून काही कळलेलं नाही, म्हणून मीच सांगते.

काळी चार माझ्यासाठी आता शेजारच्या इमारतीची गच्ची आहे. दिसते, जाता येत नाही. ‘तुझ्या दारी’ म्हणेपर्यंत आवाज फाटतो आणि ‘प्रभुराया’ला तर बंदच पडतो. जो उरलाय तो खाली, खोल, पुरुषाचा. काल गॅसवाल्याचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हटल्यावर तो म्हणाला, साहेब, बाईसाहेब आहेत का घरात? मी म्हटलं, नाहीत. खोटं बोलले असं मला वाटलंच नाही.

यजमान म्हणाले की त्यांना हा आवाज आवडतो. पण त्यांना माझ्या हातचा बिघडलेला स्वयंपाकही आवडतो, त्यांचं प्रमाण काय धरायचं.

दादा, तू ज्या आवाजासाठी पेटी वाजवतोयस तो आवाज आता या घरात राहत नाही. तू ती पट्टी धरून बसलास की मला रोज त्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन उभं राहावं लागतं. तुझ्या चर्चमधली ती तरुण शिक्षिका सुरेख गाते. तिला घे. मला राग येणार नाही. येईल, पण मी सांगणार नाही.

लहानपणी चुकलं की पाठीत धपाटा घालून जवळ घ्यायचास, तसं जवळ धरून ठेव.

तुझी,
बहीण


वर्कशॉपच्या माडीवरून,
ता. १० एप्रिल

चि. बहिणीस आशीर्वाद.

शिक्षिकेला घेणार नाही.

पट्टी उतरवणार नाही. ती उतरवली तर तू परत यायची नाहीस हे मी माझ्या हाताने मान्य केल्यासारखं होईल. वहिनी म्हणते, तुम्ही बहिणीसाठी वाजवता की हट्टासाठी? आज एका पंपाचा वॉशर उलटा बसवला आणि पाणी थेट तोंडावर आलं. वर्कशॉपभर हसले. मी हसलो नाही.

प्रार्थनेत तुझं नाव घेतो. त्यापुढे काय मागायचं ते सुचत नाही.

दादा


शहरातून,
ता. १९ एप्रिल

ती. सौ. आत्यांस, सूनबाईचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुम्ही पाठवलेले सगळे तुकडे ऐकले. बाबांना एकही दिला नाही, निर्धास्त असा. ते रोज विचारतात, मी रोज सांगते की इंटरनेट मंद आहे. या घरात आल्यापासून इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते.

आत्या, शेवटचा तुकडा थांबवायला तुम्ही विसरलात. ‘प्रभुराया’ला आवाज बंद पडल्यावर तुम्ही “चुलीत गेला तो बँड” असं म्हणालात. मग पावलं, मग नळ, मग भांडी. आणि भांडी घासता घासता तुम्ही गुणगुणायला लागलात. तीच चाल, खूप खाली. तोंड मिटून. तुम्हाला माहीतही नसेल.

दिवसभर मी लोकांचे आवाज कापते. श्वास कापते, खाकरणं कापते. सवयीने ते तुमचं भांड्यांचं पुसून टाकायला निघाले होते. हेडफोन लावले आणि हात थांबला. मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं, कारण मला खरोखर वाटलं की खोलीत कुणी तरी आलंय. कुणी नव्हतं. तुमचा भाचा दारातून विचारत होता की काय झालं. मी त्याला हेडफोन दिले. तो ऐकता ऐकता खाली बसला. ही आत्या? म्हणाला.

तर माझी एक विनंती. बाबांची पेटी कानातून काढा. कुणाचंच काही कानात घालू नका. जिथून आवाज येतो तिथून, वाटेल त्या पट्टीत, एकेक ओळ गा. दम लागला की थांबा. आणि ते मिटल्या तोंडाचंही पुन्हा करा, जमेल तितक्या वेळा. काकांची गिटार मी त्यांना नव्याने वाजवायला सांगते, ते हसत हसत करतील. तुम्ही आमच्या मागे यायचं नाही, आम्ही तुमच्या मागे येऊ. पेटीचं काय करायचं ते मागाहून बघू. बाबांना सध्या काही कळवू नये, त्यांचा रक्तदाब वाढतो आणि मग ते माझ्या नवऱ्याला फोन करतात.

तुमच्या मायेतला माझा वाटा आहे तेवढा मला पुरतो, पण त्यात कपात करू नका.

तुमची,
सून


वर्कशॉपच्या माडीवरून,
ता. २० मे

चि. भोंगाबाईस अनेक अनेक आशीर्वाद. प्रभूची शांती असो म्हणायला गेलो तर ती आज आधीच इथे येऊन बसलीय.

गाणं आलं.

मी खाली वर्कशॉपमध्ये होतो. सूनबाईचा निरोप, बाबा, एकट्याने ऐका. पण मला धीर कुठला. टेस्टिंगचे दोन पंप चालू होते, तसेच फोनचा आवाज वाढवून लावलं. पहिल्या ओळीलाच फिटरने न सांगता एक पंप बंद केला. मग दुसरा मी. कंप्रेसरची हवा सोडली. रस्त्यावरचं काही बंद करता येत नाही, पण मला तेही ऐकू येईनासं झालं.

हा आवाज मी ओळखला नाही. खोटं कशाला बोलू. पहिले काही शब्द मला वाटलं सूनबाईने कुणी परका आणला. मग ‘तेवढा पुरे’वर तू जो शब्द किंचित ओढतेस, लहानपणी आणखी खाऊ मागताना ओढायचीस तसा, तो आला. मी पंपाच्या पेटाऱ्यावर बसलो. वरचा आवाज तुझा होता तेव्हा तो ऐकून लोक छताकडे बघत. हा ऐकून मी जमिनीकडे बघत होतो, जणू तो तिथूनच वर येतोय. फिटर, ज्याला प्रार्थनेशी काही देणंघेणं नाही, तो पाना हातात धरून तसाच उभा. मागून म्हणाला, शेठ, हे कुठे गायलंय?

कुठे गायलंय? कपाटात? जहाजावर? आपण चौघं एका छपराखाली एकदाही नव्हतो. तरी ‘श्वास’ या शब्दाआधी सगळे मिळून श्वास घेतात, तो ऐकू येतो. मी पुन्हा पुन्हा तेवढंच लावून पाहिलं. तू घेतलास, तो धाकट्याच्या हाताला कळला, सूनबाईची खंजिरी क्षणभर थांबली. मग भोंगाबाई, ज्या खोलीत आपण चौघं होतो ती खोली कुणाची? मला या जन्मात इतकं लहान आणि इतकं सुखरूप कधी वाटलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये लावलं. नंतर कुणी लगेच उठलं नाही. पाळकसाहेब प्रवचनाचा कागद घेऊन उभे राहिले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

आता थोडं माझ्याबद्दल. पट्टी खाली आहे हे मला पहिल्या सुराला कळलं. सूनबाईने यंत्रात घालून माझी पेटी खाली उतरवली असणार. बोलली नाही, पण माझे कान फसत नाहीत. माझी हरकत नाही, हट्ट सोडला. पण पेटी काय बसलीय! सुरुवातीपासून शेवटपर्यंत खालून तो एक खर्ज, अखंड, तू जिथे दमतेस तिथे तुला उचलून धरतो. लोकांनी विचारलं, तो खालचा सूर कसला? मी म्हटलं, अहो ती माझी पेटी, डोळे मिटून ओळखीन, जुनी कारागिरी आहे. पाळकसाहेबांना इतका आवडला की जूनच्या दुसऱ्या रविवारी गाण्याबरोबर मी तो सगळ्यांसमोर प्रत्यक्ष वाजवायचं कबूल केलंय. वहिनी म्हणाली, बघा हं. तिला रजयांचं दुःख अजून आहे. मी तिला सांगितलं, त्या खर्जावरच माझी बहीण पुन्हा उभी राहिली.

लोभ माझ्याकडून इतका झालाय की ठेवायला जागा नाही. तुझ्याकडचा थोडा पाठव.

तुझा,
दादा


घरून,
ता. २७ मे

ती. दादास सलाम, वि. वि.

तुझं पत्र यजमानांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि मधेच चष्मा पुसायला उठले. आता ते म्हणतात, धूळ फार झालीय घरात.

गायले कुठे ते सांगते. घरात कुकर, रस्ता, यजमान. शेवटी जेवणाच्या सुट्टीत फायलींच्या खोलीत गायले. जमिनीपासून छतापर्यंत चारही भिंतींना फायली आहेत, आवाज जरासुद्धा घुमत नाही. आपली शिक्षा म्हणून मिळालेली खोली रेकॉर्डिंगसाठी इतकी उत्तम निघेल असं कुणाला वाटलं होतं? दार लावलं, फोन ‘क’ आणि ‘ख’च्या मधल्या फळीवर ठेवला. पहिली ओळ गायले आणि वर पाहिलं. दादा, त्या सगळ्या फायलींवरची नावं मी कधी ना कधी पुकारलेली आहेत. काही माणसं बरी होऊन गेली, काही नाही. त्या दिवशी मी कुणालाच पुकारत नव्हते, पण सगळे आले होते. माझा आवाज थरथरला तो भीतीने नव्हे. सूनबाईला मी सांगितलं होतं, ती थरथर काढू नकोस. तिने काढली नाही.

चर्चमध्ये क्वायरच्या बाईंनी मला पुरुषांच्या रांगेत उभं केलंय, यजमानांच्या शेजारी. ते किती बेसूर गातात हे लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या जवळून कळलं. पण मी गाते. माझी जुनी शेजारीण आता पुढच्या रांगेतून मान वळवून बघते आणि खुशाल मोठ्याने गाते.

धाकट्याचं पत्र नाही, पण एक फोटो आलाय: बंकवर आडवा, पोटावर गिटार, तोंडभर हसू. पंप दुरुस्त झाला म्हणे.

आता जो आवाज आहे त्याच आवाजात तुला हाक मारते. ओ दे, आणि लोभ धर.

तुझी,
भोंगा (चालू)

ता. क. हे लिहावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं. सूनबाईला धीर होत नाही आणि तू तर जूनमध्ये सगळ्यांसमोर पेटी घेऊन बसणार आहेस, म्हणून लिहिते. त्या गाण्यात पेटी नाही, दादा. सूनबाईने ती एप्रिलमध्येच काढली. खालचा तो खर्ज म्हणजे मी तोंड मिटून गुणगुणले ते आहे, चार वेळा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवलेलं.